पसंती क्रमांक दहा

अर्ज कसा भरावा, हे मला कोणी शिकवू नये. पाणीपुरवठा कार्यालयाच्या आवक शाखेत गेली सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांचे अर्ज तपासतो आहे. नवीन नळ हवा असो, जुना बंद करायचा असो, की शेजाऱ्याचा नळ आपल्या भिंतीतून का गेला अशी तक्रार असो, कागद आधी माझ्या टेबलावर येतो. त्यात एक जरी रकाना रिकामा दिसला तरी मी ड्रॉवरमधून शिक्का काढतो. 'त्रुटीपूर्तीसाठी परत' अशी त्यावर अक्षरं आहेत. एका गृहस्थांनी 'अर्जदाराचे वय' हा रकाना सोडला होता. मग दुसरं काहीतरी सोडलं, मग तिसरं. असे ते तीनदा परत गेले, आणि चौथ्यांदा आले तेव्हा त्यांचं वयच बदललेलं होतं, म्हणून तोही रकाना पुन्हा भरावा लागला. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. लेकीने आपला अर्ज कोणाच्या हाती दिला होता, ते कळावं एवढ्यासाठी सांगतो.

लेक शाळेची शेवटची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाली आणि विद्यापीठाचा अर्ज घरी आला. विद्यापीठ मोठं आहे. एका फाटकातून आत शिरलेला माणूस दुसऱ्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्याला पुन्हा भूक लागते. अर्जासोबत एक जाडजूड पुस्तिका होती. तिच्यात एकशे त्रेचाळीस विषय होते आणि प्रत्येकाला तीन आकडी क्रमांक दिलेला होता. अर्जात मुख्य विषयाच्या पसंतीसाठी एकाखाली एक असे दहा रकाने होते. लेकीने पहिल्या रकान्यात पेन्सिलीने एकशे सतरा हा आकडा लिहिला, खाली सही केली आणि अर्ज माझ्यापुढे ठेवला.

"एकशे सतरा म्हणजे काय गं?"

"कीटकशास्त्र."

"किडे?"

"हो बाबा. त्यातल्या त्यात वाळवी."

स्वयंपाकघरात भांडं घासण्याचा आवाज थांबला. त्याचं कारण सांगायला हवं. आमच्या घरात हा शब्द उच्चारत नाहीत. दहा वर्षांपूर्वी माझ्या ताब्यातल्या कपाट क्रमांक चारमधल्या दोनशे सहा फायली वाळवीने खाल्ल्या. बाहेरून पुठ्ठे अगदी नीट उभे होते, नाड्या बांधलेल्या होत्या, मी स्वतः बांधलेल्या. नाडी सोडली की आत माती. चौकशी झाली आणि माझ्या सेवापुस्तकात 'देखरेखीतील हलगर्जीपणा' असा शेरा लाल शाईने पडला. बढती गेली ती गेलीच. त्या आठवड्यात पत्नी तिच्या आजारी आईकडे गेली होती आणि लेकीला सुट्टी होती, म्हणून मी तिला रोज ऑफिसात नेत असे. आठ वर्षांची पोर त्याच कपाटामागच्या स्टुलावर चित्रं काढत बसायची. साहेब सगळ्यांसमोर मला बोलले तेव्हाही ती तिथेच होती. बढती गेल्याचं दुःख मी गिळलं, पण तिने ते पाहिलं हे काही आजवर गिळता आलेलं नाही.

तर त्याच प्राण्याचा अभ्यास करण्यासाठी माझी एकुलती एक मुलगी विद्यापीठात जाणार होती. मी वर्तमानपत्र उघडलं. ते कालचं होतं.

"हे नाही मिळालं तर मी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन," लेक म्हणाली. "पण दुसरं काही शिकणार नाही. वर्ष वाया गेलं तरी चालेल." ती भांडत नव्हती. भांडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

ही बातमी जिन्याने खाली कशी उतरली ते मला ठाऊक नाही, पण दोन दिवसांत सल्ले वर चढू लागले. तळमजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक आले आणि बूट न काढताच गणिताचं महत्त्व सांगून गेले. समोरच्या दारच्या दंतवैद्य बाई म्हणाल्या, "माणसाचे दात कधी संपत नाहीत हो. किडे काय, फवारा मारला की संपले." मी म्हटलं की दातही संपतात. त्यावर त्यांनी माझ्या वरच्या जबड्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी तोंड मिटलं ते त्या जाईपर्यंत उघडलं नाही.

माझा मेहुणा व्यवस्थापनाच्या बाजूने होता. हा मनुष्य स्वतः तीन धंदे बुडवून चौथ्यात आहे, आणि त्यामुळे व्यवस्थापनाची गरज त्याच्याइतकी कोणालाच पटलेली नाही. "भाऊजी, पोरीला जन्मभर भिंग घेऊन जमिनीवर बसवणार का तुम्ही?" असं त्याने विचारलं. ऑफिसातल्या साहेबांनी कायदा सुचवला, शाखाप्रमुखांनी हिशेबशास्त्र. पत्नीच्या मनात भाषा होती. माझ्या मनात सांख्यिकी होती, कारण त्यात रकाने असतात. कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीवाल्याला कोणी विचारलं नव्हतं, पण माझा शर्ट घडी करताकरता तो म्हणाला, "साहेब, कापडाचं काहीतरी शिकवा. माणूस एक वेळ जेवायचं विसरेल, कपडे घालायचं विसरत नाही." या सगळ्या सल्ल्यांत विचार करून दिलेला असा हा एकच होता, हे मला आजही मान्य करावं लागतं.

तीन रात्री मी झोपून विचार केला आणि चौथ्या दिवशी सकाळी लेकीला सांगितलं, "तुझं तू बघितलं आहेस ना? मग तेच होऊ दे." आयुष्यात मी फारसे उदार निर्णय घेतलेले नाहीत, आणि घेतलेल्यांपैकी हा सगळ्यात मोठा. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "खरंच?" तेवढ्यात मावशीचा पाय मोडल्याचा निरोप आला आणि मदतीला लेकीला आठवडाभरासाठी तिकडे जावं लागलं. जाताना ती म्हणाली, "बाबा, शाईने तुम्हीच लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे. बाकीचे रकाने तसेच ठेवा हं."

"अहो, ती काय म्हणाली ऐकलंत ना?" पत्नीने विचारलं. "जसंच्या तसं गिरवा आणि पोस्टात टाका. स्वतःचं डोकं चालवू नका."

मी गिरवायलाच बसलो होतो. टेबल पुसलं, पेन झटकलं, कोऱ्या कागदावर दोन रेघा ओढून पाहिल्या. आणि मग माझी नजर त्या नऊ रिकाम्या रकान्यांवर गेली. ज्यांनी सत्तावीस वर्षं दुसऱ्यांचे रिकामे रकाने पाहून शिक्का उचलला आहे, त्यांनाच माझी अवस्था कळेल. तिकडेही माझ्यासारखाच कोणीतरी बसला असेल, तोही ड्रॉवर उघडेल, आणि पोरीचं वर्ष एवढ्यावरून जाईल, असं माझ्या डोळ्यांपुढे आलं. तिला या गोष्टी काय माहीत? ती लहान होती.

आता पुढे जे झालं ते समजायला आमच्या ऑफिसची पद्धत समजली पाहिजे. आमच्याकडे फायलीवर शेरे लिहितात ते एकाखाली एक. सगळ्यात वर सगळ्यात कनिष्ठ माणूस लिहितो, त्याखाली त्याच्याहून वरचा, त्याखाली त्याच्याहून वरचा, आणि अगदी तळाशी साहेब. वरचं कोणी वाचत नाही. वर कारकुनाने हो म्हटलेलं असो वा नाही, शेवटचा शेरा तोच निर्णय. आयुष्यभर मी कुठलाही कागद हातात घेतला की आधी तळ पाहतो. माझ्या हाताला दुसरं वळणच नाही.

तेव्हा मी एकशे सतरा हा आकडा खोडरबराने पुसला आणि अत्यंत आदराने तळाशी, दहाव्या रकान्यात, निर्णयाच्या जागी, शाईने लिहिला. वरच्या जागा मग सल्लागारांना त्यांच्या दर्जाप्रमाणे दिल्या. पहिली लॉन्ड्रीवाल्याला. मग दंतवैद्य बाई, मुख्याध्यापक, मेहुणा, शाखाप्रमुख, साहेब, मी. माझ्याखाली, म्हणजे माझ्या वर, पत्नी. मधे एक रकाना उरला. तिथे मी मत्स्यशास्त्र लिहिलं, कारण त्याचा क्रमांक एकशे अकरा होता आणि तो सुबक दिसला. सगळ्यांचा मान राखला गेला, एकही रकाना रिकामा राहिला नाही आणि लेकीचा शब्द शेवटचा ठरला. मला इतकं समाधान झालं की मी तो अर्ज भिंतीला टेकवून दुरून पाहिला. मग जाऊन टाकून आलो.

पुस्तिकेच्या मागच्या पानावर सूचना छापलेल्या होत्या. त्या मी वाचल्या नाहीत. सूचना कोणी वाचत नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

लेक परत आली आणि तिने विचारलं, "टाकलात?" मी म्हटलं, "व्यवस्थित." तिने कपाटातून एक जुनी वही काढली आणि खिडकीपाशी वाचत बसली. त्या दिवसांत ती घरात गुणगुणत असे.

महिन्याभराने पत्र आलं. मी जिन्यातच फोडलं. लेकीचं नाव बरोबर होतं, पत्ता बरोबर होता, आणि 'आपण दिलेल्या पहिल्या पसंतीनुसार वस्त्रतंतुशास्त्र विभागात आपला प्रवेश निश्चित करण्यात येत आहे' असं त्यात लिहिलं होतं. मी पुन्हा वाचलं. पहिल्या पसंतीनुसार. जिन्याच्या त्या पायरीवर मी किती वेळ उभा होतो कोणास ठाऊक. मुख्याध्यापक खालून वर आले आणि "काय, गणित ना?" असं विचारून माझ्या बाजूने निघून गेले. मग मी पत्र उलटं केलं. पसंती बदलण्याची मुदत परवा संपत होती.

घरात मी काही सांगितलं नाही. हा माझा दुसरा अपराध, आणि पहिल्यापेक्षा मोठा. माझं गणित असं होतं की उद्या सकाळी जाऊन गुपचूप दुरुस्ती करून यावी, म्हणजे तिला कळायचंच नाही. एका अर्ज तपासणाऱ्याने दुसऱ्याला दोन शब्द सांगितले की काम होतं, अशी माझी समजूत होती.

विद्यापीठाच्या प्रवेश विभागात चौदा खिडक्या आहेत. तिसऱ्या खिडकीने सातवीकडे पाठवलं, सातवी म्हणाली की दुरुस्तीचा अर्ज चौथ्या खिडकीवर मिळतो. चौथ्या खिडकीवरचे गृहस्थ चहाला गेले होते. ते आले, त्यांनी अर्ज दिला आणि तो अकराव्या खिडकीवर द्यायला सांगितलं. अकराव्या खिडकीमागे साठीला टेकलेल्या एक बाई बसल्या होत्या. चष्मा साखळीला, समोर ओल्या स्पंजाची डबी, उजव्या हाताला शिक्क्यांची रांग. त्यांचं टेबल पाहताच मला हायसं वाटलं. माझंच टेबल होतं ते.

"मी स्वतः आवक शाखेत आहे," मी नम्रपणे म्हणालो. "सत्तावीस वर्षं."

"बरं," बाई म्हणाल्या आणि अर्ज ओढून घेतला.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. कनिष्ठ वर, ज्येष्ठ खाली, शेवटचा शेरा तोच निर्णय. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे पोरीला हवं ते तुम्ही शेवटी लिहिलंत, आणि लॉन्ड्रीवाल्याला हवं ते पहिलं?"

असं उघड्यावर ऐकल्यावर ते वेगळंच वाटलं. मागे रांगेतला एक तरुण खाकरला.

"मागच्या पानावरच्या सूचना वाचल्या नाहीत का? किमान एक पसंती, असं लिहिलंय. बाकीचे रकाने भरायची गरज नसते." मग त्यांनी बोट ठेवलं. "हे काय? बदलाचं कारण: रिकामं. अर्जदाराची सही: रिकामी."

"कारण मी आत्ता तोंडी सांगितलं ना. आणि सही... मी वडील आहे तिचा."

"तुम्ही वडील आहात, अर्जदार नाही. कारण अर्जदाराने स्वतःच्या अक्षरात, इथे समोर बसून लिहायचं. उद्या पाचपर्यंत तिला घेऊन या."

एवढं बोलून त्यांनी रांगेतला तिसरा शिक्का उचलला, हुंकार दिला आणि दाबला. अक्षरं मला उलटीही वाचता येतात. 'त्रुटीपूर्तीसाठी परत.' त्यांचा शिक्का नवा होता. 'त्रु' अगदी स्पष्ट उठला होता.

सत्तावीस वर्षांत माझ्या टेबलावरून किती माणसं तो शिक्का घेऊन परत गेली असतील? ती खाली मान घालून आमच्या ऑफिसच्या पायऱ्या उतरताना मी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये मला बसायला जागा मिळाली, पण मी उभाच राहिलो.

घरी लेक खिडकीपाशी तीच वही घेऊन बसली होती. पत्नी भाजी चिरत होती. मी पत्र, त्याला जोडून आलेली पहिल्या अर्जाची नक्कल आणि शिक्का मारलेला दुरुस्तीचा अर्ज टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आवाज जितका सरकारी ठेवता येईल तितका ठेवला. पत्नीने सुरी खाली ठेवली. "मी काय सांगितलं होतं तुम्हाला?" एवढंच ती म्हणाली.

लेकीचा चेहरा उतरला. तिने पत्र वाचलं, मग मी भरलेल्या अर्जाची नक्कल वरून खालपर्यंत वाचली, प्रत्येक रकाना. मत्स्यशास्त्रापाशी जरा थांबली. मला वाटलं ती आता रडेल, किंवा ओरडेल, आणि यापैकी काहीही मला चाललं असतं.

"मला सांगायचंत तरी, बाबा," ती म्हणाली. "काल पत्र आलं, काल का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

हा शब्द मी घरात पूर्वी वापरला नव्हता. तिने मान हलवली. मग म्हणाली, "तुमच्या ऑफिसात शेवटचा शेरा मोठा असतो, माहीत आहे मला. मी पाहिलंय. म्हणजे तुम्ही मला साहेबांच्या खाली लिहिलंत."

"सगळ्यांच्या खाली," मी म्हणालो.

ती हसली असं म्हणवत नाही, पण अर्ज तिने हातात घेतला. "उद्या किती वाजता निघायचं?"

दुसऱ्या दिवशी अकराव्या खिडकीपुढे आम्ही दहाच्या आधी उभे होतो. बाईंनी नवा अर्ज दिला आणि लेकीला आतल्या बाकावर बसवलं. पहिल्या रकान्यात तिने शाईने एकशे सतरा लिहिलं. मग 'बदलाचे कारण' या मोठ्या चौकटीपाशी ती आली, पिशवीतून ती जुनी वही काढून तिने एकदा उघडून पाहिली आणि लिहायला लागली. मी काचेबाहेर उभा होतो. काय लिहीत असेल? वडिलांची चूक, दुसरं काय! मी मनाची तयारी केली. लाल शाईने एकदा लिहून झालंच होतं, आता निळ्या शाईने.

"पालकांनी खाली सही करा," बाई म्हणाल्या आणि अर्ज खिडकीतून सरकवला. न वाचता मी कधीच सही करत नाही. चष्मा लावून मी वाचलं.

'मी आठ वर्षांची असताना पाणीपुरवठा कार्यालयातल्या कपाट क्रमांक चारमधल्या फायली वाळवीने खाल्ल्या. हलगर्जीपणा झाला असे ठरवून माझ्या वडिलांना जबाबदार धरण्यात आले. त्या आठवड्यात मी त्या कपाटामागे बसत असे. भिंतीतला नळ गळत होता आणि भिंत ओली होती. ओल्या भिंतीवरून मातीच्या बारीक नळ्या कपाटात गेलेल्या होत्या. मी त्यांची चित्रे काढली होती, ती अजून माझ्याकडे आहेत. वाळवी ओलाव्यामागे येते, हे मला नंतर पुस्तकात वाचून कळले. फायली नाडीने नीट बांधलेल्या होत्या. वडिलांकडून काही चुकले नव्हते. मला तेव्हा कोणी विचारले नाही. सदर प्रकरणी चौकशी अपूर्ण आहे, म्हणून मला हा विषय शिकायचा आहे. अर्ज भरताना झालेली चूक घरातली आहे, ती मी माफ केली आहे.'

चष्मा काढावा लागला. पुसला, पुन्हा लावला, पुन्हा तेच. दहा वर्षं त्या ओल्या भिंतीकडे पाठ करून मी बसलो होतो. पाणीपुरवठा कार्यालयाची भिंत, आणि तिच्यातला नळ! दोन चौकशी अधिकारी आले, साहेब आले, मी स्वतः होतो. स्टुलावरच्या पोरीला विचारावं असं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. मलासुद्धा नाही. आणि ती वही दहा वर्षं माझ्याच घरातल्या कपाटात होती.

"काही त्रुटी आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. 

त्यांनी अर्ज आपल्याकडे वळवून घेतला, कारणाची चौकट वाचली, मग पुन्हा वाचली. एक रजिस्टर उघडलं. "एकशे सतराला वीस जागा आहेत आणि अर्ज आलेत अकरा," त्या लेकीला म्हणाल्या. "तू बारावी. पुढल्या सोमवारी वर्ग सुरू होतात." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सही राहिलीय तुमची."

मी सही केली. अक्षर बिघडलं. सत्तावीस वर्षांत इतकी वाईट सही मी केलेली नाही. लेक शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने माझी बाही धरली, लहानपणी ऑफिसच्या जिन्यात धरायची तशी. अर्जावर एकशे सतराखाली नऊ रकाने रिकामे होते. मी ते पाहिले, आणि पेनाला टोपण लावलं.